वाढणाऱ्याला कोणी जेवा म्हणत नाही

चंपतराव वाढायला असले की पंगतीतला माणूस दोन पोळ्या जास्त खाऊनच उठतो, हे सक्करदऱ्यात सगळ्यांना ठाऊक. साक्षगंध असो, बारसं असो की तेरवी, तलावाच्या बाजूच्या गल्ल्यांमधून निरोप आधी चंपतरावांना जातो, मग आचाऱ्याला. पत्रावळीवर कोणी हात आडवा धरला की तो हात खरा की लाजेखातरचा, हे त्यांना नुसतं बघून कळतं. "घ्या गा, लाजता काहून? पोळी मालकाची हाय, माही नाही!" असं म्हणेपर्यंत पोळी पानात पडलेली असते. माणूस कुरकुरत ती खातो आणि हात धुताना चंपतरावांचीच तारीफ करतो. वाडीच्या ट्रान्सपोर्ट गोदामातली नोकरी कधीच संपली, गुडघे बोलायला लागले, लोक बुफेच्या नादी लागले. पण वरणाची बादली हातात आली की हा म्हातारा पुन्हा तरणा होतो.

एक गोष्ट मात्र कोणाच्या ध्यानात आली नव्हती. या माणसाला जेवताना कोणी पाहिलेलंच नव्हतं. "सगळ्यांचं होऊ द्या, मंग पाहू," असं म्हणायचं आणि शेवटी आपलं अन्न डब्यात भरून घरी न्यायचं. लोकांना वाटे, काय हा संयम! संयम कसला डोंबलाचा. घास अडकायचा.

अगदी लहानपणापासून. भिवापूरकडच्या गावी मिरचीच्या तोडणीला घरची माणसं शेताच्या धुऱ्यावर, बांधावर बसून भाकर-ठेचा खात, तेव्हा छोट्या चंपतचा घास छातीच्या मधोमध जाऊन बसे. ना वर, ना खाली. पोरगं डोळे वटारून पाणी पीत राही आणि बाप म्हणे, "अन्नाले नखरे करते." मग मामाच्या लग्नात कहर झाला. पंगत एकदम बसते आणि एकदम उठते. एक जण जेवत असला तरी बाकीच्यांनी उष्टा हात वाळवत बसायचं, ही रीत. सगळ्यांची पानं झाली आणि हा अजून अर्ध्या लाडवावर. दुसरी पंगत मागे ताटकळत उभी. लोक आधी हसले, मग चिडले. शेवटी बापानं दंडाला धरून त्याला उभं केलं, चारचौघांत थोबाडीत दिली आणि पंगत उठली. चंपतनं डोळे पुसले, कोपऱ्यातला पाण्याचा जग उचलला आणि दुसऱ्या पंगतीला पाणी वाढायला लागला. वाढणाऱ्याला कोणी जेवा म्हणत नाही, हे त्याला त्या दिवशी उमगलं.

ही युक्ती त्यांनी जन्मभर निभावली. खरं काय ते एकट्या अंजनाबाईंना, त्यांच्या बायकोला, माहीत होतं. त्या दार लोटून नवऱ्याला पोळी दुधात कुस्करून द्यायच्या. दुधात भिजलेला घास न भांडता उतरतो. अंजनाबाई गेल्या आणि जाणणारं कोणी उरलं नाही. चंपतराव स्वतःच पोळी कुस्करू लागले.

मग त्यांच्या मुलाला, अंकुशला, पोर झालं. आयुष. वरचं दूध सुरू झालं तेव्हापासून ते पोर ओकायचं. मोठं झालं तसं घास गालात धरून बसू लागलं. पहिलीत गेलं तरी बालवाडीतलंच वाटे. एका पोळीला सगळी सकाळ. प्रत्येक घासामागे पाणी आणि मधूनच छातीवर तळहात. सुनेनं, भावनानं, नजर उतरवून पाहिली, दोन डॉक्टर बदलून पाहिले. चंपतरावांनी मात्र तो छातीवरचा हात पाहताक्षणी ओळखला, आणि ओळखला नाही असं केलं. कोणी घरी आलेलं असलं की तेच मोठ्यानं म्हणत, "नखरे हायेत, दुसरं काही नाही." बापाचा शब्द जसाच्या तसा तोंडात आलाय हे त्यांना समजे, तोंड कडू होई, पण शब्द बदलत नसे. आणि पाहुणा गेला की नातवाला मांडीवर घेऊन दुधात पोळी कुस्करून भरवत. पोर गपागप खाई. तेवढ्यानं त्यांचा जीव भांड्यात पडे.

शेवटी भावनानं हट्टानं मुलांच्या पोटविकारांची डॉक्टरीण शोधली. त्या बाईंनी पोराला भूल देऊन दुर्बिणीतून तपासलं, आतला इवलासा तुकडा काढून पाहिला. आजाराचं नाव इओसिनोफिलिक असं काहीतरी लांबलचक निघालं. त्यांनी सोपं करून सांगितलं: अंगातल्या एका जातीच्या पेशी अन्ननलिकेत गर्दी करून बसतात, नळी आतून सुजते आणि घास पुढे सरकत नाही. लहान मुलांत याला बहुतेक वेळा दूध कारण असतं. दूध प्यायल्याबरोबर अंगावर गांधी उठल्या असत्या तर तुम्हाला लगेच कळलं असतं. ही सूज मात्र गुपचूप, आठवड्या-आठवड्यांनी वाढते.

"घरात आणखी कोणाला असं होतं का? वडील, काका, आजोबा? हे घराण्यात चालतं कधी कधी."

भावना हसली. "अंकुशला नाही, मॅडम. आणि हे मामाजी, माझे सासरे, तर पंगतीचे राजे आहेत!"

डॉक्टरीणबाईंनी चंपतरावांकडे पाहिलं. चंपतरावांनी पंख्याकडे पाहिलं. "नाही," ते म्हणाले.

त्या दिवसापासून आयुषचं दूध बंद झालं. दूध म्हणजे दही, ताक, पेढा, तूप, बिस्किट, पाव, सगळंच. भावनानं पोराचा तवा वेगळा केला, पुड्यांवरची बारीक अक्षरं वाचायला शिकली, शेजारणीनं दिलेला प्रसादाचा पेढा परत करून बोल लावून घेतले. अंकुश गोदामातून थकून येई, त्याला ती एकेक गोष्ट समजावून सांगे. काही आठवड्यांनी पुन्हा दुर्बीण घालायची होती. तोवर थेंबभर नको, डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. सूज उतरली तर फक्त दूध तोडून भागणार होतं. नाही उतरली तर पोराच्या ताटातून आणखी जिनसा जाणार होत्या.

दुपारी भावना शिलाईच्या कामाला जायची आणि घरात आजा-नातू दोघंच. दूध तुटलं तरी सूज काही एका दिवसात उतरत नाही. कोरडी पोळी आयुषला जाईना. तो तळहात छातीवर ठेवून म्हणे, "आबाजी, अटकलं." चंपतरावांच्या स्वतःच्या छातीत कळ येई. त्यांनी पोळी वरणात भिजवली, भाजीच्या रश्श्यात भिजवली. पोरानं मान फिरवली. आणि समोर त्यांचा स्वतःचा दुधाचा गिलास भरलेला.

मी जन्मभर याच्यावर जगलो, त्यांनी मनाशी म्हटलं. जे घास उतरवतं, ते नळी कशी सुजवेल? डॉक्टरच्या पोथीत काहीही असतं. आणि एवढ्याशानं काय होतं?

आयुषनं दूध-पोळीची वाटी चाटून पुसून खाल्ली आणि कितीतरी दिवसांनी हसला.

"मायले सांगू नको बरं."

"नाही सांगत."

एवढ्याशाचं रोजचं झालं.

दुसऱ्यांदा दुर्बीण घालायला नेलं तेव्हा पोराला काय होणार ते माहीत होतं. आईच्या ओढणीला त्यानं अशी मूठ घातली की नर्सला बोटं एकेक करून सोडवावी लागली. तपासणीत सूज होती तशीच निघाली.

"दूध पूर्ण बंद होतं ना?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"थेंबभर नाही, मॅडम," भावना म्हणाली. आवाजात अभिमान होता. तो तिचा हक्कच होता.

चंपतराव खुर्चीत होते. तोंड उघडलं असतं तर एका वाक्याचं काम होतं. त्यांनी ते गिळलं. आयुष्यात हा एकच घास त्यांना सहज गेला.

मग दुधाबरोबर गहूही गेला, अंडंही गेलं. चंपतरावांनी भीतीनं दूध द्यायचं थांबवलं, पण सांगायचं धाडस होईना. रोज सकाळी ठरवायचं आणि संध्याकाळी भावनाचं उतरलेलं तोंड पाहून गप्प बसायचं. पोर भात, ज्वारीची भाकर आणि वरण एवढ्यावर आलं. पोळीचा डबा दिसला की बघत राहायचं. पोराचं मनगट हातात घेतलं की चंपतराव मनातल्या मनात स्वतःला शिव्या घालत. नुसत्या शिव्यांनी काय होणार होतं!

शेजारच्या मनोहररावांच्या मुलीचं लग्न ठरलं, साक्षगंध आलं. मंडपात पंगत बसली आणि अर्थातच वरणाची बादली चंपतरावांकडे. भावना आयुषला घेऊन ओळीत बसली. त्याच्या पत्रावळीवर तिनं घरच्या डब्यातला भात वाढला. समोर बसलेल्या प्रेमिलाबाईंना राहवलं नाही.

"काहून वं भावना, लेकराले पोळी नाही, बुंदी नाही? सगळे खाऊन राहिले अन हा तोंड पाहून राहिला. हाडं निघाली पोराची. माय हायेस का वैरीण?"

भावनानं मान खाली घातली. तिच्याकडे डॉक्टरांची सगळी उत्तरं होती. ती देण्याची ताकद राहिली नव्हती.

पानं संपली. मठ्ठ्याचा फेरा झाला. लोक उष्टे हात धरून बसले, मागे दुसरी पंगत ताटकळली, आणि ओळीत एकटा आयुष जेवत होता. सगळे आपल्याकडेच बघताहेत हे त्याला कळलं. तो घाईनं भाताचे बोकणे भरायला लागला. गाल फुगले, डोळ्यांत पाणी आलं, तळहात छातीवर गेला.

"उठवा बा त्याले," कोणीतरी म्हणालं. "नखरे हायेत पोराचे. चंपतरावच सांगतात ना!"

चंपतरावांनी बादली खाली ठेवली. नातवाशेजारी जागा करून ते मांडी घालून बसले आणि एक पत्रावळ पुढ्यात ओढली. वाढणारं पोरगं गांगरलं, पण त्यानं पोळी वाढली. मंडपातल्या बायाबापड्या बघत राहिल्या. चंपतराव पंगतीत! त्यांनी एक घास तोडला, चावला, चावतच राहिले, गिळला. तो नेहमीच्या जागी जाऊन बसला. मानेच्या शिरा ताठ झाल्या, डोळे भरले. त्यांनी आयुषच्या गिलासातलं पाणी घेतलं, घोटभर प्यायले, थांबले, पुन्हा प्यायले. बऱ्याच वेळानं घास उतरला. चारचौघांत पहिल्यांदाच.

"प्रेमिलाबाई, तिले बोलू नका," ते म्हणाले. "हे तिनं नाही केलं. हे माह्याकडून आलं. मले लहानपणापासून अटकते. कोणाले सांगितलं नाही, लाज वाटे म्हणून."

मग ते सुनेकडे वळले. तिच्याकडे बघवेना, म्हणून पत्रावळीकडे बघत बोलले. "भावना, तू शिलाईवर गेली का दुपारी मी त्याले दूध-पोळी देत होतो. तू थेंब नाही देल्ला. मी गिलासच्या गिलास देल्ला."

भावनानं पोराच्या पत्रावळीवरचा भात सारखा केला. बोलली तेव्हा आवाज चढलेला नव्हता.

"झोपेत पोळी मागून राहिला होता तो, मामाजी. मी नाही म्हणत होते. उगाच." तिनं पदरानं पोराचं तोंड पुसलं. "आता त्याले पुन्हा भूल द्या लागन. उद्या माह्यासंगं चला अन मॅडमले तुमच्या तोंडानं सांगा. दोन्ही गोष्टी."

"सांगतो."

तिनं तोंड फिरवलं. चंपतरावांना त्याचं वाईट वाटलं नाही. वाईट वाटायचा हक्क त्यांना नव्हता.

आयुषचा घास एव्हाना खाली गेला होता. तो आजोबांच्या गळ्याकडे टक लावून बघत होता.

"आबाजी, तुम्हालेबी अटकते?"

"हो, बेटा."

"मंग मले नखरे करते काहून म्हणत होते?"

चंपतरावांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं आणि ते घासाचं नव्हतं. त्यांनी पोराच्या पाठीवर हात ठेवला. पोरानं तो झटकला नाही, पण जवळही सरकलं नाही.

मनोहरराव लगबगीनं आले. "चंपतराव, आटपा गा. दुसरी पंगत उभी हाय, पोळ्या थंड होऊन राहिल्या."

ओळीतले दोन-चार जण उठायच्या बेतात होते. चंपतरावांनी मान वर केली.

"बसा," ते म्हणाले. "पोरगं जेवून राहिलं."

लोक पुन्हा बसले. आयुषनं भाताचा लहानसा घास घेतला, चावला, पाणी प्यायला. चंपतरावांनी पोळीचा लहानसा घास घेतला, चावला, पाणी प्यायले. आणि सबंध पंगत, उष्टे हात वाळवत, त्या दोघांचं होईपर्यंत बसून राहिली.