हवालदारीणबाईंचे फोडलेले पुडे

हवालदारीणबाई कुणालाही बंद पुडा देत नसत. चहाच्या पुड्याचा कोपरा अडकित्त्यानं कापायचा, साबणाचा कागद ओरबाडून काढायचा, टूथपेस्टचं खोकं फाडून आतली नळी तेवढी हातावर ठेवायची, आणि मगच माल समोरच्या बाईच्या पिशवीत टाकायचा. आळीतल्या बायकांना याची सवय झाली होती. मी नवीन होते, सांगलीची होते, बी.ए. झालेली होते, आणि त्या वेळी माझं नाक जरा वरच असायचं. तो उघडा साबण हातात घेताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

ही गोष्ट नव्वदीच्या दशकातली. वाईजवळच्या एका गावात नव्यानं निघालेल्या हायस्कुलात यांना नोकरी लागली होती. शाळा विनाअनुदानित. पगार तुटपुंजा, आणि तोही कधी दोन महिन्यांनी, कधी तीन. हवालदारीणबाईंच्या घरातल्या मागच्या दोन खोल्यांत आम्ही भाड्यानं राहत होतो. तेल, डाळ, साखर, काहीही आणायला गेलं की दुकानदार नवाच भाव सांगायचा. तो ऐकून मी घरी यायचे आणि वाणसामानाची यादी खालून खोडायला लागायचे. आधी सुकं खोबरं गेलं, मग शेंगदाणे, मग दुपारचा चहा. सांगलीला आईला पत्र लिहिताना मात्र 'आमचं झकास चाललंय' हे वाक्य मी कधी खोडलं नाही.

बाईंचे यजमान फौजेत हवालदार होते. ते वारल्यावर पेन्शन आणि साताऱ्याच्या मिलिटरी कँटीनचं कार्ड एवढं बाईंच्या नावावर राहिलं. मूलबाळ नव्हतं. शेजारच्या घरात त्यांचे धाकटे दीर तात्या राहायचे. बाईंचं रान तेच कसायचे, हळद लावायचे, आणि रोज संध्याकाळी वहिनीच्या ओट्यावर चहाला येऊन बसायचे. दोघं फार बोलत नसत. पण तात्यांना यायला उशीर झाला तर बाई चारदा दारात येऊन बघायच्या आणि ते आले की, आधण आटलं म्हणून त्यांनाच झापायच्या.

महिन्याच्या सुरुवातीला बाई नवऱ्याची हिरवी किटबॅग काखोटीला मारून सकाळच्या एस.टी.नं साताऱ्याला जायच्या. कँटीनमध्ये बाजारापेक्षा बऱ्याच स्वस्तात माल मिळायचा. एकट्या बाईला साबण आणि चहा असा लागतो किती? उरलेला त्या आळीतल्या सात-आठ घरांना द्यायच्या, पडेल त्याच किमतीत. संध्याकाळी ओट्यापुढं बायका जमल्या की हुकूम सुटायचा, लायनीत ऱ्हावा, फालतू बात न्हाई. नवऱ्याची निम्मी फौज त्यांच्या जिभेवर वस्तीला होती.

पुडे का फोडता, असं मी पहिल्याच महिन्यात विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "बंद पुडा दुकानात जातो. फोडल्याला चुलीकडं जातो." कँटीनचा माल बाहेर विकायचा नाही, हा नियम, पुड्यावर कँटीनचा छापही असायचा. शेजारणींना देणंसुद्धा नियमात बसत नसणार, पण कुणाच्या पोटाला देण्यात त्यांना काही गैर वाटत नव्हतं. विकण्यात वाटायचं. कार्ड नवऱ्याच्या नोकरीचं, त्याला बट्टा लागता कामा नये, एवढं त्यांचं साधं म्हणणं होतं.

संसार ओढायला मला कुणी शिकवलं असेल तर ते या मावशींनी. मी त्यांना मावशीच म्हणायचे. नवा साबण लगेच वापरायला काढायचा नाही, महिनाभर फळीवर वाळवायचा. वाळल्याला साबण पाण्याला भीक घालत न्हाई, असं त्या म्हणायच्या. फोडणीला तेलाची धार सोडायची नाही, पळीनं मोजून घालायचं. कोथिंबिरीच्या काड्या चटणीत गेल्या पाहिजेत. एकदा मी शिजवलेल्या हरभऱ्याचं पाणी मोरीत ओतताना त्यांनी पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "अवो, निम्मं जेवान ओतलं की तुमी मोरीत!" दुसऱ्या वेळी त्याच पाण्याची आमटी त्यांनी मला समोर बसून करायला लावली. यांनी त्या दिवशी तीन वाट्या मागून घेतली, आणि मी ती माझीच युक्ती म्हणून तोंड वर करून सांगितली.

तिसऱ्या की चौथ्या महिन्यात मी मावशींना ऐकवलंच. म्हटलं, मास्तरांच्या घरातली माणसं आम्ही, आमच्यावरसुद्धा विश्वास नाही का? त्यांनी अडकित्ता खाली ठेवला. "तुमी शिकल्याल्या. तुमचा पुडा न्हाई फोडत." त्या महिन्यापासून बंद पुडे दोनच घरांत जायला लागले. एक तात्यांच्या, एक आमच्या. मला केवढा मान मिळाल्यासारखं झालं होतं! लाज वाटते आता सांगताना.

त्या दिवाळीला माझी मोठी बहीण आणि मेहुणे सांगलीहून येणार होते. त्यांच्याकडे स्कूटर, फ्रीज, सगळं. आमच्याकडे फराळ तळायला तेल नव्हतं, आणि तेलानं तर त्या वर्षी डोळे पांढरे केले होते. वाईच्या पेठेतल्या दुकानदारापाशी मी पाव किलोवरून घासाघीस करत होते, तेव्हा आदल्या संध्याकाळपासून माझ्या पिशवीतच राहिलेले कँटीनचे साबण आणि चहा त्याला दिसले. हे देऊन जा, बदल्यात तेल न्या, असं तो सहज बोलून गेला. मी दिले. सहा साबण आणि चहाचे दोन पुडे. तेल आलं, डाळीचं पीठ आलं, वर थोडी साखरही. चकल्या, शेव, करंज्या, सगळं झालं. जाताना ताई म्हणाली, तुझं छानच चाललंय गं. ते ऐकून मी दोन दिवस हवेत होते.

एकदाच करायचं असं मनाशी म्हटलं होतं. कसलं काय! पुढच्या महिन्यात पगार आला नाही आणि मी परत त्या दुकानात गेले. मग चार-पाच महिने तेच चाललं. आम्ही अंगाला कपड्यांचा साबण लावत होतो आणि अंघोळीचा साबण वाईला जात होता. माहेरची माणसं सारखी येतात, जरा जास्त द्या, असं मी मावशींना सांगायचे. त्या दुसऱ्या कुणाच्या तरी वाट्यातला काढून मला द्यायच्या. हे मला दिसत होतं. दिसत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

मग कुणीतरी तक्रार केली. कँटीनची दोन माणसं त्या दुकानात आली, फळीवरचा छापाचा माल त्यांनी पाहिला, आणि दुकानदारानं आमच्या गावाचं नाव सांगितलं. गावात कार्ड एकच. मावशी नेहमीसारख्या साताऱ्याला गेल्या, तेव्हा रांगेतल्या सगळ्या फौजी माणसांसमोर त्यांना बाजूला काढलं आणि कार्ड वर्षभरासाठी बंद केलं. त्या दुपारच्याच गाडीनं परत आल्या. किटबॅग रिकामी होती. ओट्यापुढं जमलेल्या बायकांना त्यांनी एवढंच सांगितलं, की कार्ड बंद झालं, चूक माझी आहे. दोघी-तिघी परत जाताना कुजबुजल्या, की म्हातारीनंच विकलं असणार आणि आपले पुडे फोडायचं सोंग करत होती. मी त्यांच्यात उभी होते.

चार दिवसांनी मावशी मला म्हणाल्या, तुमाला बोलाय येतं, माझ्यासंगं वाईला चला, त्या दुकानदाराला विचारायचं हाय. नाही कुठल्या तोंडानं म्हणणार? दुकानात त्यांनी सरळ विचारलं, माल कोण आणून देत होतं. दुकानदारानं आधी माझ्याकडे बघितलं. मी गुळाच्या ढेपेवरच्या माशा बघत होते. मग तो म्हणाला, "एक गडीमाणूस यायचा, मावशी. नाव काय मी विचारलं नाही." मला सांभाळण्यासाठी त्यानं ती थाप मारली. ते खोटं आहे असं म्हणायला मला तिथंच, त्याच क्षणी जागा होती. मी तोंड उघडलं नाही.

मावशींनी माझ्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही. मास्तरांवर त्यांचा संशय जाणं शक्य नव्हतं, आणि बंद पुडा मिळणारा दुसरा गडीमाणूस एकच होता. मग त्यांनी चहाचा भाव विचारला. कितीतरी वर्षांत त्यांनी बाजारातून चहा घेतला नव्हता. भाव ऐकून त्या म्हणाल्या, "येवढा? मंग लोक कसं पित्यात?" आणि सगळ्यात लहान पुडी घेतली. परतीच्या गाडीत ती पुडी मांडीवर धरून बसल्या होत्या. गाव जवळ आल्यावर म्हणाल्या, "तात्यानं मागितलं असतं तर दिलं नसतं व्हय मी?"

त्या संध्याकाळी तात्यांचा चहा बंद झाला. मागच्या खोलीतून मला सगळं ऐकू येत होतं. तात्यांनी भावाच्या फोटोपुढं उभं राहून शपथ घेतली. चांगला बापई गडी, हुंदके देत होता. मावशी एवढंच म्हणत राहिल्या, की तुला पुडा बंदच दिला होता. त्यानंतर तात्या रानातलं काम करायचे, वहिनीच्या वाट्याचा माल दारात आणून ठेवायचे आणि उंबऱ्याबाहेरूनच निघून जायचे. मावशी संध्याकाळी एकाच कपाचं आधण ठेवायच्या. माझ्या एका वाक्यानं हे सगळं मिटलं असतं. पण घर सोडावं लागेल, यांच्या शाळेत कळेल, सांगलीला कळेल, या भीतीनं माझ्या तोंडाला कुलूप लागलं. दहा महिने मी ते डोळ्यांनी बघितलं आणि दोन्ही वेळचं जेवले.

पुढं यांना सांगलीत अनुदानित शाळेत नोकरी मिळाली. निघायच्या आदल्या दिवशी दुपारी मी मावशींपुढं जाऊन बसले. त्या तांदूळ निवडत होत्या. मी सगळं सांगितलं, दिवाळीपासून वाईच्या दुकानापर्यंत, आणि रडायला लागले. त्यांचा सुपातला हात थांबला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"रडू नगा," त्या म्हणाल्या. "मला सांगून काय उपेग? तात्याला सांगा. त्याला तुमच्या तोंडनं कळू द्या."

उद्या जाताना सांगते, असं मी म्हटलं.

"म्या न्हाई सांगनार तुमचं नाव. तुमचं तुमी सांगायचं." एवढं बोलून त्यांनी सूप परत हातात घेतलं.

दुसऱ्या दिवशी सामानाचा टेम्पो तात्यांच्या रानाशेजारून निघाला. ते हळदीला पाणी देत होते. आम्हाला पाहून त्यांनी हात वर केला आणि बांधाकडं यायलाही लागले. ड्रायव्हरनं विचारलं, थांबायचं का? मी म्हटलं, नको, उशीर होतोय.

सांगलीत आमचं बस्तान बसलं. पगार वेळेवर यायला लागला. भाव चढतच होते, पण आता यादी खालून खोडावी लागत नव्हती. साबण मी अजूनही महिनाभर वाळवते, हरभऱ्याचं पाणी अजून टाकत नाही, आणि माझ्या काटकसरीचं कुणी कौतुक केलं की मला तिथून उठून जावंसं वाटतं.

दोनेक वर्षांनी एका सकाळी दारात तात्या उभे. हळद घेऊन सांगलीच्या यार्डात आले होते. मी त्यांना बसवलं, चहा टाकला. ते आपणहूनच सांगायला लागले, की आम्ही निघालो त्याच संध्याकाळी वहिनीनं त्यांना ओट्यावर बोलावलं, चहा पुढं ठेवला आणि सगळ्या आळीदेखत त्यांचे पाय धरले. कार्डही पुढं सुरू झालं. "पर कुणी केलं त्ये काय सांगत न्हाई बगा. लय इचारलं." मग म्हणाले, "वैनी म्हनली, सांगलीला चाललायस तर बाईस्नी भेट. त्यास्नी तुला कायतरी सांगायचं हाय."

कप खाली ठेवून ते माझ्याकडे बघत बसले. अगदी साध्या चेहऱ्यानं. मी पावसाचं विचारलं. हळदीच्या भावाचं विचारलं. मावशींच्या गुडघ्यांचं विचारलं. दुसरा कप चहा दिला. दोनदा ते वाक्य माझ्या दातांपर्यंत आलं. आतल्या खोलीत हे पेपर तपासत बसले होते, त्यांनाही यातलं काही माहीत नव्हतं. शेवटी मी म्हटलं, "विशेष काही नाही हो तात्या. त्यांची आठवण येते, एवढंच सांगायचं होतं."

तात्यांनी मान हलवली. उठले, टोपी नीट केली, चपला घातल्या. मग पायरीवरून म्हणाले, "वैनी म्हनली हुती, त्यांनी न्हाई सांगितलं तर तसाच उठून ये. इचारू नगंस." त्यांच्या आवाजात राग नव्हता. येतो म्हणून ते चालायला लागले.

मी दारातच उभी राहिले. आमची गल्ली लांब आहे. ते कोपऱ्यापर्यंत पोचेपर्यंत हाक मारली असती तर त्यांना सहज ऐकू गेली असती. मी हाक मारली नाही.