जाहिरातीतला 'व'

परतूरच्या तहसील कचेरीसमोर, कुंपणाच्या भिंतीलगतच्या लिंबाखाली, माझे अर्जलेखनाचे मेज अठ्ठावीस वर्षे आहे. माझे शालेय शिक्षण नववीत थांबले. पुढील शिक्षण कागदांनी केले. त्यातील पहिला धडा असा की अर्जात 'किंवा' हा शब्द लिहू नये. अगदी सुरुवातीला, अर्जदाराचे रडणे आवरेना म्हणून, मी "माझी गाय किंवा म्हैस पुरात वाहून गेली" असे लिहिले होते. कारकुनाने ते साऱ्या कचेरीला मोठ्याने वाचून दाखवले आणि म्हणाला, "मुन्शीजी, आधी जनावर पक्कं करा, मंग पुराचं बघू." त्या दिवसापासून मी 'किंवा' वर्ज्य केला. 'व' हे निश्चयी अक्षर आहे.

नव्वदीच्या दशकात पुण्याच्या एका स्वयंसेवी संस्थेने आमच्या तालुक्यात काम आरंभले. गावोगाव फिरून निराधारांचे दाखले व अर्ज विनामोबदला पूर्ण करून देण्यासाठी त्यांना एक कार्यकर्ता नेमायचा होता. काम माझ्याच पोटावर येणारे होते. तथापि जाहिरात लिहिण्यास त्यांना माझ्याकडेच यावे लागले, हे येथे नमूद करतो.

संस्थेच्या ताई माझ्यासमोरच्या स्टुलावर बसल्या. "काका, दर वेळी मोठ्या घरची बारावी पास मुलंच अर्ज करतात. या वेळी ज्यांना कुणी विचारत नाही, ते सगळे यायला हवेत. जरा सरकारी वजन येऊ द्या भाषेला."

त्यांच्या कच्च्या मसुद्यात होते : 'स्त्री / अपंग / मागासवर्गीय / भूमिहीन / परित्यक्ता असल्यास प्राधान्य.' आमच्या व्यवसायात तिरकी रेघ म्हणजे खोडलेला मजकूर. शिवाय 'असल्यास प्राधान्य' मला अघळपघळ वाटले. मी लिहिले : 'अर्जदार ही स्त्री, अपंग, मागासवर्गीय, भूमिहीन व परित्यक्ता असणे बंधनकारक राहील. शिक्षण सातवी पास.' ताईंना जालन्याची गाडी गाठायची होती. त्यांनी सही केली. एस. टी. स्थानकावर, पंचायत समितीत व बाजारतळावर जाहिरात लागली. एक प्रत पुण्यास गेली.

पंधरा दिवसांनी ताई धापा टाकीत आल्या. "काका, हे काय केलंत? हे सगळं एकाच माणसात?"

"आपणच म्हणालात, सगळे यायला हवेत."

"सगळे म्हणजे वेगवेगळे!"

"मग बदलून देतो."

"कशी बदलता? देणगीदारांना ती इतकी आवडली की त्यांनी अहवालात छापली. म्हणतात, एवढी ठाम भूमिका आजवर कुणी घेतली नाही." असे म्हणून त्यांनी कपाळ धरले. मी त्यांच्यासाठी चहा सांगितला व देणगीदारांच्या जाणकारीबद्दल मनोमन समाधान पावलो.

जाहिरातीचा तालुक्यावर झालेला परिणाम मी प्रत्यक्ष पाहिला. एका गृहस्थांनी स्वतःचा चष्मा काढून मेजावर ठेवला व अपंगत्वाचा पुरावा म्हणून त्याची नोंद घेण्यास सांगितले. बारा एकरांच्या एका धन्याने आपण भूमिहीन असल्याचे सांगितले, कारण सातबारा वडिलांच्या नावे होता. तिसरा माझ्या कानाशी आला. "मुन्शीजी, बायको रुसून माहेरी गेल्ती. आठ दिवस. मी परित्यक्ता झालो का न्हाई?"

"आपण पुरुष आहात."

"ते मंग शेवटी बघू की!"

मी सर्वांचे अर्ज लिहिले. अपात्र माणसालाही शुद्ध अर्जाचा हक्क असतो.

मग ती आली. एक पाय पोलिओने गेलेला. त्या गुडघ्यावर हात दाबून ती चालत असे. बौद्ध घरातली, सातवी पास, जमीन नाही. नवरा सहा वर्षांपूर्वी जालन्याच्या कारखान्यात गेला, तो तिथेच दुसरा संसार मांडून राहिला. भावाच्या ओसरीवर राहून ती कापूस वेचायला जाई.

"मुन्शीजी, ही जाहिरात माझ्यावर लिव्हली काय? माझी चौकशी कुणी केली?"

"कायद्याची भाषा कुणा एकासाठी नसते," मी म्हणालो.

"नसंना. पर ही नोकरी मला पाहिजे. भावजय रोज माझ्या ताटाकडं बघून राह्यली. एक खोली करते, माझी मी राहते."

तिचा अर्ज लिहिताना प्रथमच मला एकही शब्द ताणावा लागला नाही.

सोमवारी मुलाखत ठरली. शनिवारी नवरा परतला. डझनभर केळी व पत्र्याची पेटी घेऊन तो मेव्हण्याच्या ओसरीवर बसला. जाहिरातीतील पाच अटींपैकी एक तेथेच कोसळली. ती त्याला घेऊन थेट माझ्या मेजाशी आली. ताईही निरोप मिळताच आल्या.

"बायकोला नोकरी लागून राह्यली म्हणल्यावर नवऱ्यानं साथ द्याया नको का?" तो म्हणाला.

"सहा वर्षं कुठं शिवून ठिवली व्हती साथ?" ती म्हणाली. "आला तर आला, नोकरी घालवाया आला!"

मी त्याला जाहिरातीचा अर्थ समजावून सांगितला. त्याचा चेहरा उतरला. थोडा विचार करून त्याने अत्यंत सद्भावनेने विचारले, "मंग मी पुन्हा सोडून जाऊ का? कागदापुरतं?"

ताई लिंबाच्या खोडाकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मी मुद्रांक कागद काढला. 'लिहून देणार असा की मी माझ्या पत्नीचा सहा वर्षांपासून परित्याग केला असून तो आजतागायत अखंड चालू आहे. सध्याचे आगमन भेटीपुरते आहे. यापुढे तिच्या'

येथे माझा टाक थांबला, कारण तिने कागदावर बोट ठेवले होते.

"घर लिव्हा. पगार लिव्हा. मधी तुमचा तो व लिव्हा."

'यापुढे तिच्या घरावर व पगारावर माझा कोणताही हक्क राहणार नाही.' नवऱ्याने ऐटीत सही केली व मला डोळा मारला. ती मात्र कागद दोनदा वाचून, घडी करून, कमरेच्या पिशवीत ठेवत होती.

मुलाखतीस मी स्थानिक प्रतिनिधी या नात्याने बसलो होतो. पुण्याच्या साहेबांपुढे बारा प्रश्न व एकच उमेदवार होती. त्यांनी विचारले, "तुमची एखादी उणी बाजू सांगा."

"एखादी कशाला? समद्या जाहिरातीत छापल्यात की."

साहेबांनी उरलेल्या प्रश्नांचा कागद मिटून ठेवला आणि तिच्या गावाभोवती किती निराधार आहेत ते विचारले. ती घरवार सांगू लागली: कुणाचा अंगठा कुठे नाकारला, कुणाच्या वयाचा दाखला कुणाच्या ट्रंकेत अडकला. साहेबांचा चहा निवला. नेमणूक त्याच दिवशी झाली.

मी पुढे पुष्कळ विचार केला. तेथे 'किंवा' असता, तर बारा एकरवाल्याची पदवीधर बहीणही स्त्री म्हणून पात्र ठरली असती, आणि ही बाई रांगेच्या शेपटाला गुडघा दाबून उभी राहिली असती. ताईंना हे सांगितले. त्या म्हणाल्या, "काका, पण तुम्ही ते ठरवून केलं नव्हतं." मी त्यांच्यासाठी पुन्हा चहा सांगितला.

पहिला पगार झाला त्या आठवड्यात नवरा पेटी घेऊन तिच्या नव्या खोलीच्या दारात उभा राहिला. तिने दार न सोडता कागद वाचून दाखवला. दुपारी तो माझ्याकडे आला. पेटी स्टुलाशी ठेवून म्हणाला, "मुन्शीजी, पगार राहू द्या तिला. घरात तरी घ्या म्हणावं. तेवढं त्या 'व'चं 'किंवा' करा ना."

मी त्यास नम्रपणे कळविले की तो शब्द मी वापरत नाही.