कुळथाच्या पिठीत दाण्याचं कूट

लॉकडाऊनमध्ये मला जगवलं ते पलीकडच्या खोलीतल्या काकीनं. माझी ती कोणी लागत नाही. ती साताऱ्याकडची, मी वेंगुर्ल्याच्या बाजूचा, आणि आमच्यामध्ये फक्त प्लायवूडची एक भिंत. आधी तिचं नाव काढतो, कारण मी सांगायला बसलो की भलतीकडेच जातो आणि मुख्य माणूस राहून जातं.

लालबागच्या चाळीत आमच्या गाववाल्यांची एक खोली आहे. सातवीत शाळा सोडून आलो तेव्हापासून मी तिथेच. नऊ जण राहतो. ज्याची त्याची ट्रंक, ज्याची त्याची वळकटी, आणि जेवण दोन गल्ल्या सोडून आमच्याच भागातल्या एका बाईच्या खानावळीत. खोलीत स्टोव्ह आहे तो चहापुरता. त्या मार्चमध्ये आठही जण शिमग्याला गावी गेले. मी मिरची कुटायच्या डंखावर कामाला. मसाल्याचा सीझन तोंडावर आलेला. "पालखी थांबेल तुझ्यासाठी, मिरची नाय थांबणार," असं म्हणून शेठनं रजा नाकारली. मग सगळंच थांबलं. डंख बंद, खानावळ बंद, एसटी बंद. ते आठ जण तिकडे अडकले, मी इकडे.

आई गावी एकटी. शेजारची वहिनी तिच्यावर लक्ष ठेवते. आईला साखरेचा आजार, संध्याकाळची गोळी घेतली की लगेच जेवावंच लागतं. खानावळ बंद झाली त्या दिवशी मी आईला फोनवर खरं ते सांगून बसलो, की आज चहा-बिस्किटावर भागवलं. सकाळी वहिनीचा फोन.

"भावजी, काय सांगितलात तुमी आवशीक? गोळी घेतल्यान आणि जेवली नाय. म्हणता, झील उपाशी, माझ्या घशाखाली उतरणा नाय. न्हाणीकडे चक्कर येवन पडली."

डॉक्टर तालुक्याला, रिक्षा बंद, जिल्ह्याची हद्द बंद. मी धावत निघायचं म्हटलं तरी कुठवर पोचणार?

त्या दिवसापासून मी जेवायला लागलो, म्हणजे फोनवर. खानावळवाली बाई घरून डबा देते, असं आईला सांगून टाकलं. ती रोज सातला फोन करायची.

"जेवलंस?"

"जेवलंय."

"काय जेवलंस?"

नुसत्या हो-ला ती हो म्हणणारी नव्हे. मग मी रचायचो. एक दिवस डाळ-भात, एक दिवस लाल माठाची भाजी. धीर वाढत गेला तसा तिसऱ्या दिवशी मी बांगड्याचं तिखलं जेवलो. आई "बरा झाला" म्हणाली आणि तिकडे ताटावर बसली. मी इकडे बिस्किटांचा पुडा फोडला.

तेवढ्यात प्लायवूडवर थाप पडली.

"ए मालवणी! बांगडं कुठनं आणलंस रं? अख्ख्या लालबागात कोळीण फिरकंना, आन् तुझ्याच घरी तिखलं?"

मी पुडा खाली ठेवला.

"तीन दिस ऐकतीया मी. तुझ्याकडनं चहाबिगर कशाचा वास न्हाई."

मी भिंतीला तोंड लावून सगळं सांगितलं. गोळी, चक्कर, न्हाणी. सांगताना रडू आलं. तिला ते दिसत नव्हतं, हे बरं. मग पलीकडून काकीचा आवाज आला, "उद्यापास्नं आयशीला काय सांगायचं ते आदी मला इचारायचं. आन् मासं सांगू नगंस. मी मासं शिजवत न्हाई."

दुसऱ्या दिवसापासून दाराबाहेर गॅलरीत स्टुलावर ताट यायला लागलं. वर दुसरं ताट झाकलेलं. काकी साठीच्या पुढची, एकटी, बीपीवाली. माझ्याही घशात काय असेल कोण जाणे, म्हणून ती ताट ठेवायची, कडी वाजवायची आणि आत जायची. मी मग दार उघडायचो. दुपारी भिंतीतून आमची बोलणी व्हायची.

"आज काय खाल्लं म्हणणार?"

"काकी, जे असेल ते."

"तसं न्हाई. तिला बरं वाटंल असं सांग. चवळी भिजिवलीया. चवळी सांग."

सातला मी चवळी सांगायचो आणि चवळी खरोखर माझ्या पोटात असायची. इतकं निर्धास्त मी आयुष्यात कधी बोललो नव्हतो. फक्त करणाऱ्या हातांचं सांगत नव्हतो. त्या दिवसांत झील परक्याच्या घरचं जेवतो हे कळलं तर आई परत ताट बाजूला सारेल, ही धाकधूक होती.

एकदा ट्रंकेत आईनं दिलेलं कुळथाचं पीठ सापडलं. ते मी स्टुलावर ठेवलं.

"ह्याचं पिठलंच करायचं न्हवं?"

"पिठी, काकी. पातळ. लसूण, आमसूल."

"कळलं, कळलं."

नेमका त्याच संध्याकाळी वहिनीनं आपल्या फोनवरून व्हिडिओ कॉल लावून दिला. आई म्हणाली, ताट दाखव. मी कौतुकानं दाखवलं. तिनं फोन इतका जवळ नेला की मला तिचा एकच डोळा दिसत होता.

"ह्या काय?"

"पिठी."

"पिठीत ते कण कसले?"

मी बघितलं. दाण्याचं कूट. काकी कशातही दाण्याचं कूट घालते, भेंडीत घालते, काकडीत घालते. पिठीतही घातलं होतं.

"खानावळवाली आपल्या भागातली. ती मेली तरी पिठीत शेंगदाणे घालुची नाय. खरा सांग. कोणाच्या घरात जेवतंस?"

मागून वहिनी खिदळली, "भावजींनी लगीन केल्यानी वाटता, घाटावरच्या बायलेशी!"

आई हसली नाही. तिनं हातातला घास ताटात ठेवला.

"गोळी घेतलंस तू?" मी विचारलं.

"घेतलंय. तू आधी सांग."

काहीही सांगितलं तरी ती ताटावरून उठेल असंच वाटत होतं. तेवढ्यात भिंतीपलीकडून आवाज आला, "फोन हिकडं धर की, बावळटा!"

मी फोन प्लायवूडला टेकवला.

"मी पलीकडची बोलतीया. साठी उलटलीया माझी, तवा लग्नाचं डोक्यातनं काढा. पोरगं उपाशी हुतं, मी दोन घास घालतीया. तुमी आता जेवा. गोळी घेऊन बसलाय न्हवं?"

फोन उलटा होता, मला कोणाचंच तोंड दिसत नव्हतं. तिकडून आई म्हणाली, "पिठीत शेंगदाणे घालू नये, बाये."

"मग काय घालू? सांगा. पर हळू सांगा. एक जिन्नस सांगायचा, एक घास खायाचा."

आणि आई सांगायला लागली. लसूण ठेचायची, सोलायची नाही. मग थांबली. आमसुलं तीन, चार नकोत. परत थांबली. माझा हात भरून आला होता, पण मी फोन हलू दिला नाही. शेवटी वहिनी म्हणाली, "जेवली हा, भावजी. ताट निपटल्यान." मी तिथेच खाली बसलो.

तिथून पुढे सातचा फोन काकीचा झाला. मी फक्त भिंतीला फोन लावून उभा. "तुझ्याशी काय बोलूचा? तू खोटा बोलतंस," असं आई मला सुनवायची. गणपतीच्या वेळी मी कसाबसा गावी पोचलो. गावच्या शाळेत चौदा दिवस वेगळं ठेवलं. आई रोज कुंपणापाशी यायची आणि माझ्याआधी काकीची चौकशी करायची.

आई आजही आहे. काठी घेऊन चालते, गोळ्या वेळेवर घेते. काकीला मी काजू नेऊन दिले, साडी नेऊन दिली. साडी तिनं परत केली, "मला काय कराचीया" म्हणाली. परवा कळलं की तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, आणि संगं कोण येणार म्हणून ती वर्षभर ऑपरेशन टाळतेय. काकी, संगं मी येणार. परळच्या हॉस्पिटलात रांगेत मी उभा राहीन, केसपेपर मी काढीन, आणि डॉक्टर सांगतील तितक्या वेळा डोळ्यांत थेंब मी घालीन. तेवढ्यानं फिटणार नाही, मला माहीत आहे. पण सुरुवात तिथून करीन.