सेफ्टी कॉलेजचं नाव

मंडळी, आज दुपारी इथे जर्मनीत, ब्राउनश्वाइगमध्ये आमच्या घरी निकाल लागला. लेकीने अमेरिकेतल्या छोट्या लिबरल आर्ट्स कॉलेजांना अर्ज केले होते. तिच्या आवडीच्या सगळ्यांनी नाही म्हटलं. फक्त सेफ्टीवाल्याने, म्हणजे नक्की प्रवेश मिळेल म्हणून ठेवलेल्या कॉलेजने घेतलं.

ते आम्ही नवरा-बायकोने तिच्या यादीत घुसवलं होतं. "असू दे एक हाताशी, तिथे जायची वेळ थोडीच येणार आहे!"

मी सवयीने देवापुढे साखर ठेवली आणि पुण्याला सासूबाईंना फोन लावला.

"आई, सईला कॉलेज मिळालं."

"अगं वा! नाव काय त्याचं?"

मला नाव आठवेना. नवऱ्याकडे बघितलं, तर तो खिडकीबाहेर बघायला लागला. तिकडे आई "हॅलो, हॅलो" करत होत्या.

शेवटी सईनेच फोन घेतला. एरवी जर्मनमध्ये उत्तरं देणारी पोर आजीशी मराठीत बोलली. नाव सावकाश, दोनदा सांगितलं. मग साखरेची चिमूट तोंडात टाकून खोलीत गेली.

तेव्हापासून मी नुसती बसून आहे. रडूही येत नाही.

"फक्त हेच मिळालं तर जाशील का?" असं तुम्ही मुलांना विचारलं होतंत का? आम्ही नव्हतं विचारलं. आणि आता तिचं दार वाजवायला उठवत नाहीये.