एक लोटा की दोन

उदासिनीकरण. दहावीच्या पुस्तकातल्या या शब्दाला आम्ही मुली फिदीफिदी हसायचो. पण त्या दिवशी वर्गात माझंच तोंड उतरलं. सल्फ्युरिक आम्ल आणि सोडियम हायड्रॉक्साईडचं समीकरण फळ्यावर लिहिलं आणि हायड्रॉक्साईडपुढचा दोन विसरले. "या आम्लाच्या एकाला आम्लारीचे दोन लागतात," मॅडम खेकसल्या, "तेव्हा कुठे क्षार आणि पाणी होते. तुझं अर्धं आम्ल तसंच राहून गेलं ना वं!"

संध्याकाळी हुडकेश्वरला घरी पोचले, तर आई इन्व्हर्टरखाली झाडत होती. बॅटरीच्या ॲसिडचा डबा सरकवताना त्याचं झाकण निघालं आणि ॲसिड तिच्या पावलावर सांडलं. "बाई वं, जळलं!" ती किंचाळली.

बॅटरीचं ॲसिड म्हणजे सल्फ्युरिक, एवढं मला पाठ होतं. बाबा सूत रंगवायचे. त्यांच्या कॉस्टिक सोड्याची बादली मागच्या अंगणात होती आणि कॉस्टिक सोडा म्हणजेच सोडियम हायड्रॉक्साईड. ओतलं की क्षार आणि पाणी, झालं! मी लोटा भरला, धावले आणि दारातच थबकले. दोन लागतात. एकच ओतला तर अर्धं ॲसिड तसंच राहील, आईचा पाय जाईल! मला रडू फुटलं. तशीच परत फिरले आणि दुसरा लोटा शोधू लागले. आतून आई ओरडत होती, "अवं, कुठं गेली वं? लवकर ये!"

तेवढ्यात बाबा आले. माझ्या हातातला लोटा पाहून ते पांढरेफटक पडले. "काय करून राहिली वं? ठेव ते! सोडा हाय तो, कातडी सोलते! पाणी आण, पाणी!" त्यांनी आईचा पाय नळाखाली धरला, तो ऑटो येईपर्यंत सोडला नाही.

पाय वाचला, चट्टा राहिला. आईला अजूनही वाटतं, मी पाणी आणायलाच गेले होते. खरं सांगायची माझी हिंमत झालेली नाही.

आता मीच दहावीला रसायनशास्त्र शिकवते. हे समीकरण संतुलित झालं की विचारते, "ॲसिड अंगावर सांडलं तर काय टाकाल?" दरवर्षी एखादी हुशार पोरगी सगळ्यांच्या आधी हात वर करते.

"आम्लारी, मॅडम. दोन."

मी बाबांसारखीच ओरडते, "पाणी वं, पाणी!"