एम-ओ-यू वरून पाच अक्षरांचे शब्द

दीप्ती मेस्त्री बोरिवली पूर्वेला, मागाठाणे मेट्रो स्टेशनच्या मागच्या एका जुन्या इमारतीत राहते. वय चव्वेचाळीस. लग्न करायचं नाही असं काही तिने ठरवलं नव्हतं, ते आईच्या आजारपणात राहून गेलं. आईचं अर्धं अंग लुळं पडलं तेव्हा तिने पार्ल्याच्या शाळेतली नोकरी सोडली आणि घरबसल्या करता येईल असं काम शोधलं.

अंधेरीतल्या एका कंपनीचं मुलांना इंग्रजी शब्द शिकवणारं ॲप होतं. शब्द गटागटाने यायचे. सुरुवातीची तीन अक्षरं तीच, आणि प्रत्येक शब्द पाचच अक्षरांचा. अशाच शब्दांत मुलांची गफलत होते, असं कंपनीचं म्हणणं. दीप्तीने प्रत्येकाचा मराठी अर्थ द्यायचा आणि त्याखाली एक साधं वाक्य. एस-टी-ए वरून स्टेन म्हणजे डाग, स्टँड म्हणजे उभं राहणं, स्टेल म्हणजे शिळं. स्टेअर दोनदा यायचा, एक जिन्यातली पायरी आणि दुसरा टक लावून बघणं. आईला भरवून, पुसून झालं की ती लॅपटॉप घेऊन तिच्या पलंगाशीच बसायची.

लिहिलेलं तपासायला किरण नावाचं कुणीतरी होतं. बोलणं फक्त ॲपमध्ये, तेही तुटक. "चालेल." "वाक्य लांब झालं." करतो की करते, असं त्यात कधी आलंच नाही. दीप्तीने आपलं धरून चाललं होतं की ही बाई असणार, आपल्याच वयाची.

एकदा स्टेलवरून दोघांची जुंपली. किरणने विचारलं, "पोळी शिळी, ठीक. हवेला शिळी म्हणाल का?"

"हवेला कोंदट," तिने लिहिलं.

"बरोबर. आमच्या घरासारखी."

दीप्ती एकटीच हसली. मग तिला सवयच लागली. वाक्यं लिहिताना ती घरातलं काहीबाही घालू लागली, खालच्या गिरणीवाल्याची मांजर, आईने थुंकून टाकलेली पेज. उत्तर यायचं ते "चालेल" एवढंच, पण ते यायचं. दिवसभरात दुसऱ्या कुणाचं काहीच येत नसे.

मागच्या वर्षी आई गेली. तेरावं झालं, देवगडहून आलेला मामा परत गेला. जाताना म्हणाला, "आता तू सुटलंस गो." तो वाईट बोलला नव्हता, पण दीप्ती दारातच उभी राहिली बराच वेळ. मग आत जाऊन तिने लॅपटॉप उघडला. नवा गट आला होता, एम-ओ-यू वरून. माउंड म्हणजे ढिगारा. माउंट, चढणं. माउस, उंदीर. माउथ, तोंड. आणि मोर्न.

मोर्न म्हणजे शोक करणे, असं तिने लिहिलं. वाक्याशी मात्र अडली. शेवटी लिहिलं, "आई गेल्यावर मी लगेच कामाला लागले, शोक करायला जमलं नाही."

संध्याकाळी उत्तर आलं. "वाक्य राहू दे. तुम्ही चार दिवस सुट्टी घ्या."

आईच्या जाण्यानंतर सुट्टी घे असं तिला कुणीच म्हटलं नव्हतं. तिने सुट्टी घेतली. पहिल्या दिवशी झोपली, दुसऱ्या दिवशी रडली.

यंदा पावसाळा संपता संपता कंपनीचं पत्र आलं. यापुढे अर्थ आणि वाक्यं सॉफ्टवेअर लिहील, आजवरच्या सहकार्याबद्दल आभार. खाली किरणचं नाव नव्हतं. ॲपमधला संवादही बंद झाला. काम गेल्यापेक्षा तिला तेच लागलं, निरोप घ्यायचा राहिला. दोन-तीन दिवस तिने कळ काढली, मग अंधेरीला कंपनीत गेली. पुढच्या टेबलावरच्या गार्गी नावाच्या मुलीने सांगितलं, "किरणने तर आधीच सोडलं. नंबर देऊ का?" गार्गीनेच फोन लावला आणि दीप्तीच्या हातात दिला. पलीकडून पुरुषाचा आवाज आला, तरुण. तो म्हणाला, वाकोल्याला राहतो, आज घरीच आहे, या.

सातव्या मजल्यावरची एकच खोली होती, खिडकीसमोर दुसऱ्या इमारतीची भिंत. किरण सोनकांबळे सत्तावीस-अठ्ठावीसचा असेल. त्याने खुर्ची पुसून दिली. त्याची आई, नंदाबाई, भाजी निवडत होती.

"मॅडम, सर्टिफिकेट वगैरे हवं होतं का?" त्याने विचारलं.

"नाही, सहजच आले. तुम्ही मला सुट्टी घ्या म्हणाला होतात. माझी आई गेली तेव्हा. मोर्नच्या वाक्यावर."

किरण आठवू लागला. त्याच्या चेहऱ्यावर काहीच आलं नाही. "माझ्याकडे पन्नास-साठ जण लिहायचे, ताई. दीप्तीच दोघी होत्या. खरं सांगू? नाही आठवत."

नंदाबाईंनी मान वर केली. "आठवतंय म्हणाला असतास तर तुझं काय गेलं असतं रे?"

"खोटं कशाला बोलू, आई?"

"असू दे," दीप्ती म्हणाली. "बरं केलंत खरं बोललात." घरून निघताना काय काय बोलायचं ते ती ठरवून आली होती. आता त्यातलं काहीच बोलण्यासारखं राहिलं नव्हतं. किरण खाली मान घालून नखं बघत बसला.

नंदाबाईंनी भाजीचं ताट बाजूला सारलं. "जेवल्याशिवाय जायचं नाही. कशाने गेली आई?"

दीप्तीने सांगितलं. भाकरी होईपर्यंत ती सांगत राहिली, पहिल्या झटक्यापासून शेवटच्या पहाटेपर्यंत. नंदाबाई भाकरी थापता थापता हुंकार देत होत्या. किरण भिंतीला टेकून ऐकत होता. एकदा उठून त्याने पंखा तिच्याकडे वळवला.

आता ती घराजवळच्या एका पॅथॉलॉजी लॅबच्या काउंटरवर बसते. दिवसभर लोकांची नावं पुकारायची, उपाशीपोटी आलात का विचारायचं. तोंड दुखतं, पण ते तिला बरं वाटतं. संध्याकाळी घरी आली की कुलूप तिलाच उघडावं लागतं.

किरणचा फोन कधी येत नाही. नंदाबाईंचा येतो, बहुतेक रविवारी दुपारी. त्याच्या लग्नाचं जमत नाही, गुडघे दुखतात, लिफ्ट बंद आहे. फोन ठेवताना दर वेळी म्हणतात, "ये गं एकदा." दीप्ती हो म्हणते. अजून गेलेली नाही.