खोटी साक्ष देणारी वायर

भोसरीच्या आमच्या गॅरेजच्या शेडमधलं भंगार टेम्पो येऊन घेऊन जातो. किस्से मात्र कुणी नेत नाही. ते तिथंच साठतात, ग्रीसच्या रिकाम्या डब्यांसारखे. मी तिथला ग्रीस मारणारा म्हातारा. सगळे तात्या म्हणतात. ब्रेकच्या वायरिंगचं काम भानुदास आणि सोपान या जोडीचं. हे किस्से त्यांचेच.

आधी एवढं सांगतो. हे नवे ऑटोमॅटिक गियरचे टिपर आलेत ना, त्यांना ब्रेकवर पाय ठेवल्याशिवाय गियरच पडत नाही. पायाचा निरोप वायरीतून गियरबॉक्सला जातो, मागच्या लाल लाइटीलाही जातो. निरोप अडला की एवढी मोठी गाडी, पण जागची हलत नाही.

* * *

खंडेनवमीच्या दुसऱ्या दिवशी चिखलीहून एका ड्रायव्हरचा फोन. गडी रडकुंडीला आलेला. "पूजा केली आन् गाडी मेली!"

भानूनं जाऊन पॅडलखाली हात घातला. झेंडूचं फूल निघालं! पठ्ठ्यानं ब्रेकलाही हार घातला होता, त्यातलं फूल स्विचपाशी जाऊन बसलेलं.

सोपान म्हणाला, "राव, हार देवाला घालायचा! ब्रेकला कशाला?"

"भाऊ, घाटात देव मागनं येतो. आधी ब्रेक लागतो."

* * *

तपासायची पद्धत अशी. भानू केबिनमध्ये पॅडल दाबणार, सोपान मागं उभा राहून लाइट बघणार.

"लागली?"

"लागली!"

"आता?"

"गेली!"

पत्रा कापायची मशीन चालू असली तरी सोपानचा आवाज केबिनपर्यंत ऐकू जायचा. एकदा त्याचा घसा बसला, तर भानूनं कामच थांबवलं. शेठ म्हणाले, "अरे, दुसरा कुणी उभा कर की!"

भानू म्हणाला, "दुसऱ्याच्या आवाजावर माझा पाय उठत न्हाई."

* * *

चाकणकडच्या साइटवर निरोप अडला, की काही ड्रायव्हर आमच्याकडं येतच नाहीत. गियरबॉक्सकडं जाणारी वायर सोलून मधेच जोड मारतात. गियरबॉक्सला वाटतं, पाय कायम ब्रेकवरच आहे. गियर फटकन पडतो!

असला जोड दिसला की भानू तोडून टाकायचा. एक सुपरवायझर तणतणला, "गाडी चालतीय ना? मग तुम्हाला काय करायचंय?"

सोपान शांतपणे म्हणाला, "साहेब, ही वायर खोटी साक्ष देती. पाय नसताना पाय हाय म्हणती."

* * *

मग तो टिपर आला. तक्रार एवढीच, की मागची लाइट लागत नाही. ब्रेकची हवा भरायला इंजिन चालू ठेवलेलं. हँडब्रेक सोडलेला, चाकामागं ठोकळा नाही. ब्रेक दाबल्याशिवाय गाडी गियर घेतच नाही, हा सगळ्यांचा भरवसा.

"लागली?"

"न्हाई!"

भानू पाय काढून पॅडलखाली वाकला. कोपर गियरच्या बटणाला लागलं. रिव्हर्स पडला.

सोपानच्या मागं भिंत होती.

ड्रायव्हर हात जोडून एकच बोलत राहिला, "लाइटीचं काम होतं हो! गियरला जोड मारलाय, हे कशाला सांगू?"

* * *

सोपानचं तेरावं झाल्यावर भानू कामावर आला. गाडीच्या मागं कुणाला उभं राहू देईना. मी गेलो, तर म्हणाला, "तात्या, बाजूला व्हा."

मग स्वतःच पॅडल दाबायचा, केबिनमधून उतरायचा, मागं जाऊन लाइट बघायचा. पाय काढल्यावर लाइट कुठली राहणार? परत चढायचा, परत दाबायचा, परत उतरायचा. शेडमध्ये कुणी हसलं नाही.

शेवटी शेठ हळूच म्हणाले, "भानू, अरे, अशी लाइट कशी दिसंल?"

"न्हाई दिसली तर न्हाई. मागं कुणी न्हाई ना?"

मला राहवेना. कोपऱ्यातून एक लाकडी दांडकं आणलं. म्हटलं, "बाळा, हे सीट आणि पॅडलच्या मधे अडकव. ब्रेक दाबलेला राहील. मग खुशाल मागं जाऊन बघ."

त्यानं ते हातात घेतलं, फिरवून पाहिलं आणि मला परत दिलं.

"नको तात्या. हे बी पाय नसताना पाय हाय म्हणंल."